एकाच भिंतीचे दोन निकाल : सामाईक जगातल्या गेम मास्टरांनी किती सारखे वागावे?

वेरूळरोड, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार. आमचा एक प्रश्न महिनाभर सुटता सुटत नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

गेली तीन वर्षे आम्ही डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या मंचावर मराठीतून रोलप्लेइंग खेळ, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायचा कथाखेळ, चालवतो. खेळाडू चाळीसच्या आसपास आहेत. बहुतेक मराठवाड्यातलेच आहेत, काही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला गेलेले आहेत. गेम मास्टर, म्हणजे कथा पुढे नेणारे आणि निकाल देणारे, पाच आहेत आणि मी त्यांतला एक आहे. प्रत्येकाची मोहीम, म्हणजे चालू कथा, वेगळ्या रात्री चालते, खेळाडूही वेगळे असतात, पण जग सर्वांचे एकच आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, त्या सुमाराचा दौलताबादचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे गजबजलेले नगर हे आमच्या कथेचे स्थळ आहे. एका मोहिमेत जे घडते ते दुसऱ्या मोहिमेतही घडलेलेच धरले जाते. सोमवारच्या गटाने धान्याचे कोठार जाळले, तर गुरुवारच्या गटाला तेथे राखच सापडते. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि ती बेरीज गेम मास्टरने ठरवलेल्या आकड्यापर्यंत पोहोचते का ते पाहायचे.

प्रसंग असा घडला. लातूरचा एक विद्यार्थी चौदा महिने एका पाथरवटाचे पात्र खेळत होता. माझ्या एका सहकारी गेम मास्टरच्या मोहिमेत तो पाथरवट रात्री खंदकाच्या आतल्या बाजूची भिंत चढू लागला. सहकाऱ्याने १५ चा आकडा ठेवला. आपोआप फासे टाकणाऱ्या बॉटच्या फाशावर ९ पडले, कौशल्याचे ३ मिळवून बेरीज १२ झाली, आणि पाथरवट खंदकात पडून मेला. त्यानंतर सोळा दिवसांनी दुसऱ्या गेम मास्टरच्या मोहिमेत दुसऱ्या खेळाडूचे पात्र तीच भिंत चढले. तेथे आकडा १० ठेवला गेला होता. योगायोग असा की फाशावर पुन्हा ९ च पडले, कौशल्यही ३ चेच होते, बेरीज पुन्हा १२ झाली, आणि ते पात्र सुखरूप वर पोहोचले.

लातूरच्या त्या मुलाने दोन्ही निकालांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून आमच्या सार्वजनिक चॅनलवर टाकले. सोबत एक शब्दही लिहिला नाही. तेव्हापासून तो खेळायला आलेला नाही.

आम्हा पाच जणांत सरळ दोन तट पडले आहेत. दोघे म्हणतात की प्रत्येक गोष्टीचा लेखी नियम करावा आणि पाचही जणांनी तो जसाच्या तसा पाळावा. दुसरे दोघे म्हणतात की गेम मास्टरच्या निर्णयात माणूस नसेल, तर खेळ चालवायला त्याची गरजच उरत नाही. मला दोन्ही बाजूंचे पटते, म्हणून माझा निर्णय होत नाही. अनेक गेम मास्टर एकच जग चालवत असताना नेमके काय सारखे असलेच पाहिजे आणि काय मोकळे ठेवावे? आणि त्या पाथरवटाचे आम्ही काय करावे?

गोदाकाठ, नांदेड

आधी हिशेब मांडतो, कारण तुमचे निम्मे भांडण त्या आकड्यांत आहे. कौशल्याचे ३ असलेल्या पात्राला १५ गाठण्यासाठी फाशावर १२ किंवा त्याहून अधिक पडावे लागतात. वीसपैकी असे आकडे नऊ, म्हणजे यशाची शक्यता ४५ टक्के. १० गाठण्यासाठी ७ पुरतात. असे आकडे चौदा, म्हणजे ७० टक्के. मूळ नियमांत १० म्हणजे सोपे, १५ म्हणजे मध्यम आणि २० म्हणजे अवघड, असे सांगितलेले आहे. म्हणजे एका गेम मास्टरला ती भिंत मध्यम वाटली आणि दुसऱ्याला सोपी. देवगिरीच्या खंदकाच्या काठावर उभे राहून ज्याने समोरचा तासलेला कडा पाहिला आहे, तो त्याला सोपा म्हणणार नाही असे मला वाटते, पण तो मुद्दा बाजूला ठेवू.

दुसऱ्या गेम मास्टरला त्या खेळाडूला मदतच करायची होती असे धरू. त्याच नियमांत अ‍ॅडव्हांटेजची सोय आहे, म्हणजे दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. आकडा १५ च ठेवून अ‍ॅडव्हांटेज दिले असते, तर यशाची शक्यता पावणेसत्तर टक्के झाली असती, म्हणजे आकडा १० वर आणल्याने जितकी होते जवळजवळ तितकीच. मदत तेवढीच मिळाली असती, पण भिंत जागची हलली नसती. शिवाय अ‍ॅडव्हांटेज देताना गेम मास्टरला कारण सांगावे लागते : वरून कोणी दोर धरला आहे, किंवा या पात्राने दिवसा येऊन खोबण्या हेरून ठेवल्या आहेत. ते कारण कथेत नोंदले जाते आणि पुढच्या खेळाडूलाही तसेच काही करून दाखवता येते. नुसता आकडा उतरवला की मागे काहीच उरत नाही.

हा वाद आपल्या खेळाच्या जन्माआधीपासूनचा आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्स या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या वडिलांच्या जुन्या खेळाला नवे रूप देऊन नकाशावरचा युद्धखेळ सादर केला. दोन बाजूंचे अधिकारी हुकूम लिहून द्यायचे आणि मधला पंच फासे व कोष्टके वापरून निकाल सांगायचा. पुढे कोष्टके इतकी वाढली की पंचाचे काम म्हणजे डोक्याला ताप झाला, आणि त्याबद्दल तक्रारी होऊ लागल्या. १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने फासे आणि कोष्टके दोन्ही बाजूला सारून सुचवले की अनुभवी पंचाने आपल्या समजुतीने निकाल द्यावा. हा झाला मोकळा प्रकार, आणि तो चालला. तो का चालला हे मात्र पाहायला हवे. तेथे एका खेळाला एक पंच असे, तो युद्ध पाहिलेला असे, आणि त्याच्या निकालाची तुलना करायला सोळा दिवसांनी दुसऱ्या पंचाचा निकाल कोणी समोर ठेवत नसे. तुमच्याकडे पंच पाच आहेत, आणि प्रत्येक निकाल चॅनलमध्ये कायमचा लिहिलेला आहे. घरी सतरंजीवर बसून खेळताना आठ महिन्यांपूर्वीचा आकडा कोणाला आठवत नाही. डिस्कॉर्डवर तो शोधायला दहा सेकंद लागतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे : नियमांचे जाड पुस्तक करू नका, पण निवाड्यांची एक वही ठेवा. ज्या गोष्टीवर निकाल दिला गेला ती गोष्ट, आकडा आणि एका ओळीचे कारण, एवढेच तीत असावे. पुढच्या गेम मास्टरने त्याच गोष्टीवर निकाल देण्याआधी वही पाहावी. वेगळा निकाल द्यायचा असेल तर जरूर द्यावा, पण काय बदलले आहे ते लिहावे. पाथरवटाला जिवंत करू नये असेही मला वाटते. एक मरण मागे घेतले की बाकी सगळी मरणे उघडी पडतात.

औसा_बुरूज, लातूर जिल्हा

माझे मत थोडे वेगळे आहे. एकच भिंत दोन रात्री एकच नसते. पाऊस असेल, पहारा बदललेला असेल, एका खेळाडूने नुसते "चढतो" म्हटले असेल आणि दुसऱ्याने बोटे कोठे रोवतो, भार कोणत्या पायावर घेतो हे सांगितले असेल. त्या सांगण्याला काहीच किंमत द्यायची नसेल, तर खेळाडू सांगणेच सोडून देतील आणि नुसते आकडे टाकत बसतील. नाथांचे भारूड आपल्याकडे गावोगाव सादर होते. शब्द तेच असतात, पण सादर करणारा समोरचा गाव पाहून थांबतो, वाढवतो, आवरतो. पैठणला जसे झाले तसेच औशालाही व्हावे अशी अपेक्षा कोणी करत नाही, आणि तरीही ते भारूड नाथांचेच राहते.

जगाची वस्तुस्थिती मात्र सारखी असलीच पाहिजे, आणि तेथे मी कोणालाही सवलत देणार नाही. माझ्या ओळखीच्या एका गटात अशाच काळाच्या खेळात एका गेम मास्टरने खेळाडूंना चांदमिनारावरून टेहळणी करायला लावली होती. चांदमिनार बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला. तुघलकाच्या वेळी तेथे काहीच नव्हते. आकडा दहाचा की पंधराचा यावर भांडण्याआधी पाचही गेम मास्टरांच्या डोक्यातला किल्ला एकच आहे का, हे तपासून पाहा.

वेरूळरोड, छत्रपती संभाजीनगर

दोघांचेही आभार. औसा_बुरूज दादा, आपण म्हणता ती शक्यता मी तपासली. दोन्ही रात्रींचे संपूर्ण संभाषण पुन्हा वाचून काढले. दोन्ही रात्री कोरड्या होत्या, पहारा तोच होता, आणि वर्णन करण्यात तर पाथरवटाचा खेळाडूच सरस होता. दगडाच्या थरांवर त्याने पाच ओळी लिहिल्या होत्या. त्यामुळे त्या निकालाला कथेतले कारण मला सापडले नाही.

चारी_नऊ, परभणी जिल्हा

मी हा खेळ फक्त दीड वर्ष खेळतो आहे, गेम मास्टर कधीच झालो नाही. तरीही लिहितो, कारण असाच प्रश्न मी घरात लहानपणापासून पाहत आलो आहे.

माझे वडील जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते. आमच्याकडे पाणी शेजपाळीने मिळे. हंगामाआधी शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, मंजूर अर्जांची यादी व्हायची, आणि पाणी सुटले की चारीवरच्या शेवटच्या शेतापासून भिजवणे सुरू होऊन पाळी वर वर सरकत यायची. शेवटच्याला आधी देण्याचे कारण साधे आहे. वरच्याने आधी घेतले तर खालच्यापर्यंत काही उरेल याची खात्री नसते. वरच्या शेताचा मालक बहुधा पाटकऱ्याच्या रोजच्या उठण्याबसण्यातला असतो आणि टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटचा, शेतकरी पाटकऱ्याला वर्षातून चार वेळा दिसतो, म्हणूनच तो क्रम माणसाच्या मर्जीवर सोडलेला नाही.

आता लवचीकतेबद्दल सांगतो. एका रब्बीत, रात्री, ज्याची पाळी होती त्या टेलच्या शेतकऱ्याचे वडील वारले. प्रेत घरात असताना तो माणूस दारे धरायला कसा येणार? माझ्या वडिलांनी त्याची पाळी रद्द केली नाही, आणि स्वतःच्या मनाने पुढेही ढकलली नाही. ते बॅटरी घेऊन चारीच्या कडेने वरच्या शेतकऱ्याकडे गेले, त्याला उठवून विचारले की आज तू घे आणि परवा तुझे तास त्याला दे, चालेल का. मग त्याच्याही वरच्याकडे गेले, कारण क्रम बदलला की त्याची वेळ बदलणार होती. ती वही अजून आमच्या घरी आहे. ओलाव्याने पाने फुगली आहेत आणि बॉलपेन सुतळीने बांधलेले आहे. त्या रात्रीच्या नोंदीत कारणाच्या जागी "अडचण" एवढाच शब्द आहे आणि खाली दोन सह्या व एक अंगठा आहे.

यातून मला एवढेच म्हणायचे आहे की नियम वाकला, पण पाणी येण्याआधी वाकला, आणि ज्यांच्या पाण्याला त्याचा धक्का लागणार होता त्यांना विचारून वाकला. तुमच्या खेळात पाणी येणे म्हणजे फासा पडणे. आकडा किती, आणि चढता आले नाही तर काय होईल, हे दोन्ही फासा टाकण्याआधी खेळाडूला सांगितले जाते का? पाथरवटाला "पडलास तर मरशील" हे आधी कळले असते, तर त्याने कदाचित दुसरा मार्ग शोधला असता. पंधराच्या आकड्यापेक्षा हे न कळणे जास्त लागते, असे मला खेळाडू म्हणून वाटते.

बालाघाट, बीड जिल्हा

हे लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. ती दुसरी चढाई माझ्या पात्राची होती.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावातून मोबाइलवर खेळते. त्या रात्री वीज गेली आणि थोड्या वेळाने नेटवर्कही गेले. आमच्या सर्व्हरवर नियम आहे की पाच मिनिटांत उत्तर आले नाही तर त्या पात्राची खेळी सुटते. भिंतीच्या आधीच्या झटापटीत माझ्या दोन खेळ्या अशाच सुटल्या. मी परत आले तेव्हा माझे पात्र जखमी होते, सोबतचा घोडा गेला होता, आणि मी नुसते "ठीक आहे" असे लिहिले. गेम मास्टरना वाईट वाटले असणार. पुढे भिंत आली आणि त्यांनी आकडा १० सांगितला. हा आकडा कशासाठी उतरला आहे ते मला त्याच क्षणी कळले होते, आणि खरे सांगते, मला बरे वाटले. लातूरच्या दादांचे ते दोन स्क्रीनशॉट पाहिले तेव्हा मला कळले की माझ्या नेटवर्कची भरपाई त्यांच्या पाथरवटाच्या मरणाशेजारी जाऊन बसली आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मला सवलत हवी होती, आणि ती रास्तही होती, पण ती मला हवी होती, माझ्या पात्राला नव्हे. वीज गेली ती माझ्या घरातली, दौलताबादच्या खंदकातली नव्हे. माझी खेळी फेरीच्या शेवटपर्यंत राखून ठेवली असती, किंवा मी नसताना माझ्या पात्राने काय करावे हे मला आधीच लिहून ठेवू दिले असते, तर भिंतीला हात लावण्याची वेळच आली नसती. गेम मास्टर वीस मिनिटे सगळा खेळ थांबवून माझी वाट पाहतात, तेही मला नको असते. सात माणसे गप्प बसून माझ्या नावाकडे पाहत आहेत ही कल्पना करूनच मी दोनदा परत जोडले गेलेच नाही, आणि नंतर फोन बंद पडला होता असे सांगितले. दया किती मिळेल याचा अंदाज बांधत बसावे लागते तेव्हा ती घेणाऱ्याला जड होते. ठरलेली सोय असली की मी ती मान वर करून घेऊ शकते.

आणखी एक गोष्ट चारी_नऊ दादांचे वाचून लिहावीशी वाटते. आमच्याकडे गेम मास्टरचे "बरं, चालेल" हे शब्द कोणाला ऐकू येतात? जे व्हॉइस चॅनलवर येतात, खेळ संपल्यावर तासभर गप्पा मारतात, त्यांना. मी त्यांच्यातली आहे. लातूरचे दादा फक्त लिहून खेळतात, कधी बोलत नाहीत, खेळ संपला की निघून जातात. ते आमच्या चारीचे टेल आहेत. पाचांपैकी कोणत्याही गेम मास्टरने जाणूनबुजून पक्षपात केला असे मी मुळीच म्हणत नाही. आवाज ओळखीचा असला की आकडा आपोआप उतरतो, आणि तो उतरला हे उतरवणाऱ्यालाही कळत नाही.

माझी ती चढाई रद्द धरली तरी माझी हरकत नाही. मात्र माझ्या गटातल्या चौघांनी त्यानंतर जे केले ते त्या चढाईवरच उभे आहे, त्याचा विचार आपण करावा.

गोदाकाठ, नांदेड

बालाघाट ताई, आपण हे लिहिले हे फार चांगले केले. मी माझ्या उत्तरात दुसऱ्या गेम मास्टरने अ‍ॅडव्हांटेज द्यायला हवे होते असे म्हटले होते. आता ते मागे घेतो. कथेत कारणच नव्हते, तर अ‍ॅडव्हांटेज देऊनही त्यांना खोटे कारण रचावे लागले असते. सवलतीची जागाच दुसरी होती, हे मला आकड्यांच्या नादात दिसले नाही.

जुना_टर्मिनल, जालना

वही ठेवा, आकडा आधी सांगा, खेळाडूची अडचण आणि पात्राची अडचण वेगळी ठेवा, या तिन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण मूळ प्रश्नातले ते दोघे गेम मास्टर, जे प्रत्येक गोष्टीचा लेखी नियम मागत आहेत, त्यांच्यासाठी एक जुना अनुभव सांगणे गरजेचे वाटते.

ऑनलाइन भूमिका-खेळाच्या सुरुवातीच्या काळात केवळ मजकुरावर चालणारी जगे होती. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये त्यातले पहिले प्रसिद्ध जग बांधायला घेतले. पुढे १९९० मध्ये पॅव्हेल कर्टिस यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅम्डामू नावाचे असेच एक जग सुरू केले. तेथे ज्यांच्या हाती सर्व तांत्रिक अधिकार होते त्यांना विझर्ड म्हणत. लोक वाढले, भांडणे वाढली, आणि प्रत्येक भांडण विझर्डांच्या दारात येऊ लागले. कोणाला हाकलायचे, कोणाचे खरे धरायचे, हेच त्यांचे दिवसभराचे काम झाले. शेवटी डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की यापुढे विझर्ड फक्त तांत्रिक कामे पाहतील आणि सामाजिक निर्णय रहिवाशांनी आपसांत घ्यावेत. नंतर त्यासाठी अर्ज आणि मतदानाची पद्धतही बसवली गेली. हेतू उत्तम होता, म्हणजे निर्णय माणसाच्या मर्जीवरून काढून पद्धतीवर सोपवायचा. पण १९९६ मध्ये विझर्डांनीच कळवले की तांत्रिक आणि सामाजिक यांतली रेषा प्रत्यक्षात राखता येत नाही, मतदानाने मंजूर झालेली गोष्ट अमलात आणतानाही त्यांना स्वतःचे मत वापरावेच लागते, आणि म्हणून यापुढे ते पुन्हा निर्णय घेतील.

तुम्ही पाच जणांनी तीनशे कलमांचा नियमसंग्रह केला, तरी तीनशे एकावी गोष्ट पुढच्याच रविवारी येईल, आणि ती कोणत्या कलमात बसवायची हे शेवटी एक माणूसच ठरवील. फरक इतकाच पडेल की तेव्हा तो "हे मी ठरवले" असे न म्हणता "नियम असे सांगतो" असे म्हणेल. मला त्याची जास्त भीती वाटते. निर्णय ज्याने दिला त्याचे नाव त्या वहीत कारणाशेजारी असू द्या.

वेरूळरोड, छत्रपती संभाजीनगर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही पाचही जण शनिवारी रात्री अडीच तास बोललो. काय ठरले ते लिहितो.

नियमसंग्रह करायचा नाही, वही ठेवायची. त्यासाठी सर्वांना वाचता येईल असे चॅनल उघडले आहे. लिहिणार फक्त गेम मास्टर, आणि प्रत्येक नोंदीखाली निकाल देणाऱ्याचे नाव राहील. जिवावर बेतणारा फासा टाकण्याआधी आकडा आणि अपयशाचा परिणाम दोन्ही सांगायचे. नेटवर्क गेले तर खेळी फेरीच्या शेवटपर्यंत राखायची, आणि तरीही खेळाडू आला नाही तर त्याने आधी लिहून ठेवलेल्या सूचनेप्रमाणे पात्र चालवायचे. बालाघाट ताईंची चढाई आम्ही कायम ठेवली आहे. ज्यांनी १० चा आकडा दिला होता त्यांनी स्वतःहून सार्वजनिक चॅनलवर लिहिले की तो चुकला होता आणि का चुकला. औसा_बुरूज दादांच्या सूचनेप्रमाणे किल्ल्याचा नकाशा पाचही जणांनी एकत्र बसून पडताळला, तेव्हा अंधारी वाटेची दोन तोंडे दोन जणांच्या डोक्यात उलटी होती असे निघाले.

पाचांपैकी एक सहकारी मात्र राजी झाले नाहीत. वही पाहून निकाल देणे त्यांना जमणार नाही असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, आणि त्यांचा तो हक्क आम्हाला मान्य आहे. ते आता आपली मोहीम वेगळ्या काळात नेत आहेत आणि तिचा आमच्या जगाशी संबंध राहणार नाही. ते उत्तम गेम मास्टर आहेत. त्यांच्या रात्री खेळायला मीही जाणार आहे.

लातूरच्या मुलाला मी स्वतंत्रपणे लिहिले, झालेली चूक मान्य केली, आणि पाथरवटाबद्दल त्याला काय हवे आहे असे विचारले. त्याचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. पाथरवट त्याला परत नको आहे. त्याला नवे पात्र करायचे आहे, पाथरवटाची मुलगी, जी बापाचा माग काढत नगरात आली आहे. त्याची एकच मागणी आहे : पाथरवटाची छिन्नी-हातोड्याची पिशवी खंदकात ज्या जागी तो पडला त्याच जागी असावी, ती मुलगी कोणत्याही रात्री, कोणत्याही गेम मास्टरच्या मोहिमेत तेथे उतरली तरी.

खंदकाची आतली भिंत, कोरडी रात्र, आकडा १५, ही वहीतली पहिली नोंद आहे. दुसरी नोंद त्या पिशवीची आहे. पूर्वेकडच्या कोपऱ्यात, गाळात, पाण्याखाली दीड हातावर, कातड्याची, बंद तुटलेली.